हुंडेकऱ्यापासून ट्रान्सपोर्ट एजंटापर्यंत

आपल्या स्मरणिकेतून कुलांचे इतिहास, देवस्थानांच्या हकिकती आणि समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात, आणि ती व्हावीत हे उचितच आहे. तथापि ज्या व्यवसायावर आज आपल्यांतील कितीतरी कुटुंबांचा योगक्षेम चालतो, त्या व्यवसायाला काही पूर्वपरंपरा आहे की काय, याचा विचार क्वचितच केला जातो. हिंजवडी, वाकड, तळवडे, चाकण या टापूत राहणाऱ्या आपल्या घरांतून एखादा तरुण मालमोटार बाळगून आहे, एखादा कारखान्याच्या रवानगी खात्यात नोकरीस आहे, तर एखादा दिवसभर कानाला फोन लावून बसलेला असतो आणि विचारले असता ‘मी ट्रान्सपोर्टचे काम करतो’ एवढेच सांगतो. तो नेमके काय करतो हे त्याच्या आईवडिलांना पुष्कळदा सांगता येत नाही. गाडी त्याची नसते, माल त्याचा नसतो, रस्ता तर सरकारचाच असतो. मग त्याला पैसे कशाचे मिळतात, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडल्यास नवल नाही.

त्याचे उत्तर द्यावे, आणि ते इतिहासाच्या आधारे द्यावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मालवाहतुकीचे दोन ढोबळ प्रकार आहेत. अनेक व्यापाऱ्यांची थोडी थोडी खोकी एका गाडीत भरून पाठविणे यास धंद्यातील लोक ‘पार्ट लोड’ म्हणतात. एकाच मालकाचा माल पुरी गाडी भरून, मध्ये कोठेही न उतरविता, थेट घेणाराच्या दारी पोचविणे हा ‘फुल लोड’ होय. कारखान्यांचा पुष्कळसा माल या दुसऱ्या रीतीने जातो. ज्याच्याकडे माल आहे त्याच्याकडे गाडी असतेच असे नाही, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याची कारखान्याच्या दारात ओळख नसते. या दोघांची गाठ घालून देणारा तो मधला माणूस. त्याचा इतिहास म्हणजे, वाटेत मालाचे काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाच्या शिरावर, या एका प्रश्नाचा इतिहास होय.

तांडे आणि हुंडेकरी

सडका होण्यापूर्वी सह्याद्रीच्या घाटांतून माल जात असे तो बैलांच्या पाठीवरून. कोकणातून मीठ वर यावयाचे आणि देशावरून धान्य खाली जावयाचे. लमाण लोकांचे तांडे शेकडो बैलांवर गोण्या लादून मजल दरमजल करीत. सैन्यांनाही धान्य पुरविण्याचे काम तेच करीत. १८०३ च्या मराठ्यांबरोबरील युद्धात वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची रसद बऱ्याच अंशी या तांड्यांवर अवलंबून होती. या व्यापाराच्या वाटेवर ठिकठिकाणी जकातीचे नाके असत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जो दगडी रांजण आहे, तो जकातीचे नाणे टाकण्याचा म्हणून आजही दाखविला जातो.

अशा परिस्थितीत पुण्याच्या पेठेतील व्यापाऱ्याने आपला माल दूरच्या गावी पाठवावा कसा? बैल कोणाचे, वाटेतील जकात किती, चोरीमारी झाल्यास भरपाई कोण देणार, या सर्व विवंचना त्याने स्वतः वाहिल्या असत्या तर व्यापारच खुंटला असता. म्हणून हुंडेकरी ही संस्था निर्माण झाली. ‘हुंडा’ म्हणजे उक्ता ठराव. भाडे, जकात आणि वाटेतील इतर खर्च यांसह एकच रक्कम ठरवून, अमुक माल अमुक ठिकाणी पोचता करून देण्याचा जो मक्ता घेई, तो हुंडेकरी. आणि अशा एकरकमी ठरावास ‘हुंडेभाडे’ असे म्हणत. जुन्या मराठी कोशांतून हे शब्द आढळतात आणि आपल्याकडे ते आडनाव म्हणूनही शिल्लक आहे.

हुंडेकऱ्याच्या पदरी स्वतःचे बैल असोत वा नसोत, व्यापाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसे. व्यापारी ओळखीत असे तो हुंडेकऱ्याला. तांड्याच्या नायकाशी भाव करणे, नाक्यावर घासाघीस करणे, पावसाळ्यापूर्वी माल घाटाखाली उतरविणे हे सर्व हुंडेकऱ्याने पहावयाचे. त्याला मिळणारा नफा हा बैलांच्या श्रमाचा मोबदला नव्हता, कारण बैलांचे भाडे तर तो देऊनच टाकी. तो नफा होता जोखीम अंगावर घेतल्याचा आणि दुसऱ्याची काळजी आपली म्हणून वाहिल्याचा. फोनवर बसलेल्या आपल्या मुलाला पैसे कशाचे मिळतात, याचे उत्तर येथेच सापडते.

घाटरस्ता, आगगाडी आणि १८६५ चा कायदा

१८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाची गाडीरस्ता म्हणून सुधारणा झाली आणि पुणे-पनवेल मार्गावर चाकांची वाहतूक सुरू झाली. ओझ्याच्या बैलाची जागा हळूहळू बैलगाडीने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अंतर्गत मार्गावरील जकाती इंग्रजी अमलात उठविण्यात आल्या, त्यामुळे हुंडेकऱ्याच्या डोक्यावरील एक ओझे कमी झाले. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी धावू लागली; परंतु बोरघाटातील चढाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत, मधली पाच वर्षे, माल व माणसे घाटात गाडीतून उतरवून सडकेने खालीवर न्यावी लागत. म्हणजे वाफेच्या इंजिनालाही घाटात काही काळ गाडीवानाचेच साहाय्य घ्यावे लागले.

आगगाडीमुळे हुंडेकरी नाहीसा झाला नाही, त्याचे काम तेवढे बदलले. आता तो स्टेशनावर उभा राहून व्यापाऱ्याच्या नावाची पावती दाखवून माल सोडवू लागला आणि हमालांकरवी तो पेठेत पोचवू लागला. पुरी गाडी भरण्याची कल्पनाही लोकांच्या अंगवळणी पडली ती रेल्वेच्या वाघिणीमुळे. पुरी वाघीण भरणाऱ्यास दर कमी आणि सुटी खोकी देणाऱ्यास दर अधिक, हा हिशेब आजच्या मालमोटारीलाही तसाच लागू आहे.

याच काळात एक महत्त्वाचा कायदा झाला, तो म्हणजे १८६५ चा कॅरिअर्स अ‍ॅक्ट. भाड्याने सर्वांचा माल वाहून नेणारा जो कोणी, त्याच्या ताब्यात असताना माल गहाळ झाला अथवा बिघडला, तर वाहकाची हयगय मालधन्याने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. सामान्य न्याय असा की, जो आरोप करतो त्याने पुरावा द्यावा. परंतु माल घाटात असताना मालधनी पुण्यात बसलेला असतो. तेथे काय घडले हे त्याला कसे कळावे? ज्याच्या हाती माल होता त्यानेच जाब द्यावा, हा त्यामागील शहाणपणाचा विचार. हुंडेकऱ्याची परंपरा जी गोष्ट शब्दावर पाळीत होती, तीच कायद्याने कागदावर आणली.

मोटारी आल्या आणि एकाचे दोन झाले

विसाव्या शतकात मालमोटारी आल्या. १९३९ साली मोटार वाहनांचा कायदा होऊन परवान्यांची पद्धत देशभर लागू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्या अनेकांनी घेतल्या. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला, आणि मग साध्या ऐपतीच्या माणसालाही कर्ज काढून एखादी गाडी घेणे शक्य झाले.

येथेच या धंद्याची घडण बदलली. पूर्वी हुंडेकऱ्याच्या मागे मोठा तांडा असे. आता एक गाडी, एक मालक, बहुधा तोच चालक, असा संसार सुरू झाला. पुण्यात भवानी पेठ, नाना पेठ या भागांत ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या पेढ्या निघाल्या. पेढीवर एक मुनीम, एक टेलिफोन, बिल्टीचे पुस्तक आणि बाहेर बाकावर बसलेले चार गाडीमालक, असे त्यांचे स्वरूप असे. माल देणारा पेढीला ओळखी, पेढी गाडीवाल्याला ओळखी. पेढीने भाड्याचा काही भाग उचल म्हणून द्यावयाचा, आणि माल पोचल्याची सहीशिक्क्याची पावती, जिला धंद्यात ‘पोच’ म्हणतात, ती आणून दिल्यावर बाकी रक्कम चुकती करावयाची, असा शिरस्ता पडला.

तात्पर्य, जबाबदारी घेणारा आणि वाहून नेणारा हे दोन निराळे झाले. पेढी प्रामाणिक असेल तोवर यात वावगे काही नव्हते. परंतु याच फटीतून पुढे तिसरा, चौथा माणूस शिरला. पेढीला गाडी मिळाली नाही की ती दुसऱ्या दलालाला सांगे, तो तिसऱ्याला सांगे, आणि प्रत्येक जण आपली दलाली कापून घेई. माल मात्र एकच आणि गाडीही एकच.

आपल्या भागाचा कायापालट

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, आणि आपल्या परिसराच्या औद्योगिक इतिहासाचा श्रीगणेशा झाला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. पिंपरी, चिंचवड, भोसरी येथील जमिनींवर कारखाने उभे राहिले. ज्या टेल्कोच्या गाड्या जमशेदपूरहून येत, त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यातून १९७७ साली पहिली मालमोटार बाहेर पडली. गावोगावचा माल वाहणाऱ्या गाड्या आपल्याच शिवारात तयार होऊ लागल्या.

१९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. निगडी येथे ट्रान्सपोर्ट नगरी वसली आणि गाडीवाल्यांना हक्काचा अड्डा मिळाला. चाकण हे फार जुने बाजाराचे गाव. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाविरुद्ध जेथे भुईकोट लढविला ते हेच. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी त्याची ख्याती आहे. तेथे १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगनचा झाला, आणि कांद्याच्या गाड्यांबरोबर दुचाकी व मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्याही त्याच रस्त्यावर दिसू लागल्या. १९८९ साली न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्याने परदेशी जाणारा माल तिकडे वळला, आणि २००२ साली पुरा झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने घाटाचा प्रवास सुकर केला.

आमचे हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील म्हातोबाचे गाव. येथे भाताची खाचरे होती, पुढे जवळच्या कासारसाईला साखर कारखाना झाल्यावर उसाच्या गाड्याही या रस्त्यांनी जाऊ लागल्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. संगणकाच्या कचेऱ्यांतून माल बाहेर पडत नाही, त्यामुळे हिंजवडीचा मालवाहतुकीशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु त्या इमारतींचे लोखंड, सिमेंट, काच आणि यंत्रे आली ती मालमोटारीनेच. शिवाय देहूरोड-कात्रज वळणरस्ता वाकडजवळून जातो. चाकण-तळवड्याकडून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची ती नेहमीची वाट आहे. नोकरदारांच्या मोटारी आणि मालाच्या गाड्या एकाच रस्त्यावर आल्यामुळे हिंजवडीत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी घालण्याची वेळ आली. गाडी कोणत्या वेळी कोठून काढावी हे माहीत असणे, हेदेखील त्यामुळे मधल्या माणसाच्या विद्येत समाविष्ट झाले आहे.

पुरी गाडी कशी लागते

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. कारखान्याच्या रवानगी खात्याकडून सकाळी निरोप येतो : अमुक टन माल, अमुक लांबीची गाडी, उघडी की बंद, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी पोच हवी. एजंटाने प्रथम वजन विचारावयाचे, कारण गाडीची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ही मर्यादा वाढविली. दोन आसांच्या साध्या मालमोटारीचे भरलेल्या गाडीसह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन, तर तीन आसांच्या गाडीचे २५ वरून २८.५ टन झाले. यात गाडीचे स्वतःचे वजन धरलेले असते, हे विसरून चालत नाही. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड, आणि शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये. हा दंड जसा गाडी हाकणाऱ्याला, तसाच ती हाकावयास लावणाऱ्यालाही लागू होतो.

मग गाडी शोधावयाची. तिचे नोंदणीपत्र, विमा, परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना पहावयाचा. गाडी दारात लावावयाची, भरून झाल्यावर काट्यावर वजन करावयाचे, ताडपत्री व रस्सी तपासावयाची, बिल्टी काढावयाची. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात जात असेल तर ई-वे बिल हवे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते, म्हणून गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घेण्याचे भान ठेवावयाचे.

एवढे झाले तरी खरे कौशल्य पुढेच आहे, ते परतीच्या मालात. शिक्षकाच्या सवयीने येथे एक गणित मांडतो. पुणे ते बंगळूर अंतर सुमारे ८४० किलोमीटर. गाडी एका लिटरला ४ किलोमीटर जाते असे धरल्यास एका खेपेस २१० लिटर आणि जाऊन येऊन ४२० लिटर डिझेल लागेल. परत येताना गाडी रिकामी आली तर हे सगळे डिझेल, चालकाचा पगार, टोल आणि गाडीची झीज यांचा भार जातानाच्या एकाच भाड्यावर पडतो. परतीचा माल मिळाला तर तोच भार दोन भाड्यांवर विभागला जातो. म्हणून ज्या एजंटाची दोन्ही टोकांना ओळख आहे, तो मालधन्याला भाडे कमी सांगू शकतो आणि गाडीमालकालाही दोन पैसे अधिक देऊ शकतो. यात कोणाचे नुकसान करून कोणाचा नफा होत नाही. रिकामी जाणारी चाके भरली, एवढेच. बिनकामाचा समजला जाणारा मधला माणूस देशाचे इंधन वाचवितो, हे त्याच्या बाजूने अवश्य सांगितले पाहिजे.

याउलट त्याच्या हयगयीची किंमत गाडीवाल्याला मोजावी लागते. माल उतरविणाराच्या दारात गाडी चार चार दिवस उभी राहते. त्या खोटीचे पैसे कोण देणार, हे आधी ठरविलेले नसते. गाडी खाली करण्याची वाराई कोणी द्यावयाची यावरून तंटे होतात. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही महाराष्ट्रातील मालमोटार मालकांची घोषणा त्यातूनच निघाली. हमालांच्या बाजूनेही न्याय आहेच. अण्णासाहेब पाटलांसारख्या पुढाऱ्यांनी केलेल्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला नोंदणी, वेतन व संरक्षण यांचा आधार मिळाला. अडचण येते ती हा खर्च ठरावात कोणाच्या नावे लिहिला आहे ते न पाहिल्याने.

‘मी फक्त गाडी लावून दिली’

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकिकत नावनिशीवाचून सांगतो, कारण तिच्यात या धंद्याचे वर्म आहे. त्याने कर्ज काढून दोन गाड्या घेतल्या होत्या. पावसाळ्यात चाकणहून दक्षिणेकडे जाणारा विजेच्या पेट्यांचा पुरा लोड त्याला फोनवरून मिळाला. ज्याने फोन केला त्याला तो माल दुसऱ्याच एका एजन्सीकडून मिळालेला होता. वाटेत दोन दिवस संततधार लागली आणि ताडपत्रीतून पाणी झिरपून माल भिजला. घेणाराने माल उतरवून घेण्यास नकार दिला. गाडी अकरा दिवस त्याच्या दारात उभी राहिली. कारखाना म्हणाला, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणाली, आम्ही काम अमक्याला दिले होते. आणि तो अमका म्हणाला, ‘मी फक्त गाडी लावून दिली.’ ताडपत्री जुनी झाली होती हे माझ्या विद्यार्थ्याने नाकारले नाही. परंतु गाडी भरताना ती पाहण्याचे काम ज्या दोघांनी करावयाचे आणि त्यासाठीच दलाली घ्यावयाची, त्यांतील एकही दारात आला नव्हता. अखेर भाडेही बुडाले, हप्ते थकले आणि दोहोंतील एक गाडी विकावी लागली. त्या घरातील मुलीचे लग्न त्या वर्षी पुढे ढकलले गेले, हे मला ठाऊक आहे.

‘मी फक्त गाडी लावून दिली’ हे वाक्य हुंडेकऱ्याच्या तोंडी शोभले नसते. आणि सांगण्यासारखी गोष्ट ही की, आजच्या कायद्यालाही ते मान्य नाही. १८६५ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट आला आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आहे. ‘सार्वजनिक वाहक’ कोणास म्हणावे याची व्याख्या करताना त्यात माल नोंदणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल यांचाही स्पष्ट उल्लेख केलेला आहे. सर्वांचा माल पावती देऊन भाड्याने पाठविणाऱ्याने, गाडी स्वतःची असो वा दुसऱ्याची, नोंदणी केली पाहिजे आणि मालाचा जाब दिला पाहिजे. मालधन्याने वाहकाची हयगय सिद्ध करण्याची गरज नाही, हे जुने तत्त्व याही कायद्यात कायम आहे. गाडीवाल्याकडून वाहकाने मागाहून काय वसूल करावयाचे तो त्यांच्या आपसांतील ठरावाचा प्रश्न. मालधन्यापुढे उभे राहावयाचे ते बिल्टीवर ज्याचे नाव आहे त्याने.

दोन मर्यादा मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. मालाची अधिक किंमत आधी जाहीर करून त्याप्रमाणे जादा दर ठरविला नसेल, तर वाहकाची जबाबदारी नियमाप्रमाणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. म्हणजे ४०,००० रुपये भाड्याच्या गाडीत २० लाखांचा माल बुडाला, तर कमाल ४ लाखच मागता येतील. उरलेल्या १६ लाखांसाठी मार्गविमा हाच आधार. दुसरी मर्यादा मुदतीची. माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस दिली नाही, तर दावा चालत नाही. हे माहीत नसल्याने हक्काचा पैसा गमावलेले व्यापारी थोडेथोडके नसतील.

जकात गेली, विश्वास राहिला

हुंडेकऱ्याच्या काळी वाटेवरील जकात ही मोठी डोकेदुखी होती. इंग्रजी अमलात मार्गजकात उठली तरी शहरांची जकात दीर्घकाळ राहिली, आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची तर ती मोठी मिळकत होती. नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागत. १ एप्रिल २०१३ पासून येथील जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, तोही टिकला नाही, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाकेही उठले. २०२१ पासून टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावर हुज्जत घालण्याची जुनी विद्या आता निरुपयोगी झाली. नव्या करपद्धतीत मात्र बिल्टीचे महत्त्व वाढले. जो बिल्टी देतो तोच कराच्या दृष्टीने माल वाहतूक एजन्सी, असे त्या कायद्यानेही ठरविले आहे. कराचा कायदा पाहा की वाहतुकीचा पाहा, दोन्ही शेवटी त्याच कागदापाशी येऊन थांबतात.

अलीकडे भ्रमणध्वनीवरच गाडी व माल यांची गाठ घालून देणाऱ्या योजना निघाल्या आहेत. गाडी कोठे आहे हे पडद्यावर दिसते, भाव तत्क्षणी कळतो. यामुळे मधला माणूस नाहीसा होईल, असे कित्येकांना वाटते. आगगाडी आली तेव्हा हुंडेकऱ्याविषयीही असेच वाटले असेल. गाडी कोठे आहे हे यंत्र सांगेल. ताडपत्री फाटकी आहे, चालक दोन रात्री झोपलेला नाही, घेणाराच्या दारी सुट्टी आहे, ही माहिती यंत्राला कोणीतरी पुरवावी लागते आणि त्याचा अर्थ जाणून वेळीच हालचाल करावी लागते. जो केवळ एकाचा नंबर दुसऱ्याला देऊन दलाली कापतो, त्याचे काम यंत्र घेईल आणि ते योग्यच होईल. जो माल आपला समजून पोचवितो, त्याला मरण नाही.

आपल्या तरुणांपैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी तो हलका समजू नये आणि हलक्या रीतीने करूही नये. आपली नोंदणी करून घ्यावी. आपल्या नावाची बिल्टी काढावी आणि तिच्यावर मालाची किंमत, खोटीचा दर व वाराई कोणाकडे हे स्पष्ट लिहावे. गाडी भरताना एकदा तरी स्वतः दारात उभे राहावे. गाडीवाल्याची बाकी पोच हाती येताच चुकती करावी, कारण त्याच्या घरी हप्ता वाट पाहत असतो. आणि ज्यांच्या घरी गाडी आहे, त्या माताभगिनींना विनंती ही की, कर्जाच्या कागदाइतकेच बिल्टीच्या कागदाकडेही लक्ष द्यावे. कोणाच्या नावाने गाडी भरली गेली, हे प्रत्येक खेपेस विचारावे.

बैलांच्या घंटा थांबून फार काळ लोटला. चाकणच्या रस्त्यावर आज चौदा चाकांच्या गाड्या रात्रंदिवस धावत आहेत. त्यांच्यामागे नाव देऊन उभा राहणारा एक तरी हुंडेकरी असावा आणि तो शब्दाचा पक्का असावा, ही व्यापाराची गरज पूर्वी होती तशीच आजही आहे. ती भागविणारी माणसे आपल्या घरांतून निघोत, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.